मसुदा आणि दस्तऐवज : प्रोग्रॅममधील अटी कशा लिहाव्या

घराचें खरेदीखत करावयाचें असलें म्हणजे प्रथम त्याचा मसुदा तयार होतो. मसुद्यांत खाडाखोड चालते. चतुःसीमा लिहितांना एकादी बाजू राहून गेली तर ती मागाहून भरतां येते, रकमेचा आंकडा चुकला तर तो खोडून नवा लिहितां येतो, आणि एकादें कलम नको वाटलें तर तें सबंध काढून टाकतां येतें. घरांतलीं चार माणसें मसुदा वाचतात, वकील वाचतो, ज्याला जें सुचेल तें तो सुचवितो. परंतु एकदां सह्या झाल्या, साक्षीदारांचीं नांवें पडलीं आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरींत दस्त नोंदला गेला, कीं मग त्या कागदावर कोणालाहि लेखणी चालवितां येत नाहीं. चूक राहिलीच असेल तर वेगळें चूकदुरुस्तीपत्र करून तें वेगळें नोंदवावें लागतें. मूळ दस्त आहे तसाच राहतो. ही व्यवस्था कोणाला जाचक वाटत नाहीं. ज्या कागदाच्या भरंवशावर दहा माणसें व्यवहार करणार, तो कागद आज आहे तसाच उद्यांहि असला पाहिजे, हें सर्वांना पटलेलें असतें.

संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना हाच धडा आपल्या क्षेत्रांत नव्यानें शिकावा लागला, आणि कांहीं वेळां त्याची किंमत फार मोठी पडली.

प्रत्येक मोठ्या प्रोग्रॅमला काम सुरू करण्यापूर्वीं कांहीं अटी सांगाव्या लागतात. कोणत्या सर्व्हरशीं बोलावयाचें, उत्तराची वाट किती सेकंद पाहावयाची, उत्तर न आल्यास पुन्हा किती वेळां विचारावयाचें, नोंदी कोठें लिहावयाच्या, मजकूर सांकेतिक लिपींत पाठवावयाचा कीं उघडा, अशा त्या अटी असतात. त्यांच्या समूहाला कॉन्फिगरेशन असें म्हणतात. प्रोग्रॅम बँकेचा असो, रेल्वेच्या आरक्षणाचा असो, किंवा रुग्णालयांतील यंत्राचा असो, त्याचें सारें वर्तन या अटींवर अवलंबून असतें. आणि या अटी वाचणारा एकटा नसतो. आधुनिक प्रोग्रॅमचे अनेक भाग एकाच वेळीं चालूं असतात. अशा स्वतंत्रपणें चालणाऱ्या एकेका कामाला थ्रेड, म्हणजे धागा, असें नांव आहे. एक धागा अटी वाचीत असतां दुसऱ्यानें त्या बदलल्या, तर पहिल्याच्या हातीं कांहीं जुन्या आणि कांहीं नव्या अशा अटींचें मिश्रण पडतें. तें मिश्रण कोणी लिहिलेलें नसतें आणि कोणी तपासलेलेंहि नसतें; तरीहि यंत्र त्याबरहुकूम चालतें.

ही भीति काल्पनिक नाहीं, हें ‘थेराक-२५’ या यंत्राच्या इतिहासावरून दिसून येतें. कर्करोगावर किरणोपचार करणारें हें यंत्र कॅनडांत तयार होई. तें दोन प्रकारांनीं काम करी. एका प्रकारांत इलेक्ट्रॉनांचा सौम्य झोत रोग्याच्या शरीरावर पसरून सोडला जाई. दुसऱ्या प्रकारांत त्याच इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण निर्माण केले जात. त्यासाठीं झोताची तीव्रता सुमारें १०० पट ठेवावी लागे आणि झोताच्या वाटेंत धातूचें लक्ष्य आडवें आणावें लागे. लक्ष्य आडवें असलें म्हणजे एवढी तीव्रता रोग्यापर्यंत थेट पोहोंचत नसे. योग्य तीं उपकरणें झोताच्या वाटेंत आणून ठेवणारी एक फिरती तबकडी यंत्रांत बसविलेली होती. प्रकार कोणता आणि शक्ति किती, हें यंत्र चालविणारी व्यक्ति पडद्यासमोर बसून टंकित करी, आणि प्रोग्रॅमचे निरनिराळे भाग तें वाचून आपापलें काम करीत.

मार्च १९८६ मध्यें अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत टायलर या गांवीं एका रोग्यावर उपचार चालूं होता. यंत्र चालविणारी बाई अनुभवी होती. इलेक्ट्रॉनांसाठीं ‘ई’ हें अक्षर लिहावयाचें, तेथें हाताच्या संवयीनें तिनें क्ष-किरणांचें ‘एक्स’ लिहिलें. चूक ध्यानांत येतांच तिनें मागें जाऊन अक्षर बदललें आणि बाकीचें झरझर पुरें केलें. परंतु यंत्रांतील चुंबक जागेवर बसण्यास सुमारें ८ सेकंद लागत, आणि तिची दुरुस्ती तेवढ्या अवधींतच होऊन गेली. प्रोग्रॅमच्या एका भागानें पहिलें अक्षर आधींच वाचलें होतें. त्यानें झोताची तीव्रता क्ष-किरणांच्या हिशेबानें ठेवली. दुसऱ्या भागानें बदललेलें अक्षर वाचलें. त्यानें तबकडी इलेक्ट्रॉनांच्या जागीं फिरविली. पडद्यावर मात्र सर्व कांहीं बरोबर दिसत होतें. रोग्याला १८० रॅड एवढी मात्रा द्यावयाची होती. पुढें केलेल्या अंदाजाप्रमाणें त्याच्या शरीराच्या लहानशा भागावर १६,५०० ते २५,००० रॅड पडले. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच शब्द उमटले, आणि त्यांचा अर्थ बाईला कळण्यासारखा नव्हता. पांच महिन्यांनीं तो रोगी दगावला. पुढच्याच महिन्यांत त्याच ठिकाणीं त्याच क्रमानें दुसऱ्या एका रोग्याच्या बाबतींत तेंच घडलें, आणि तोहि तीन आठवड्यांच्या आंत गेला.

१९८५ ते १९८७ या काळांत या यंत्राचे असे सहा अपघात झाल्याचें ज्ञात आहे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनीं १९९३ मध्यें त्यांची सविस्तर चिकित्सा प्रसिद्ध केली. अपघातांचें कारण एकच नव्हतें, हें त्यांनीं दाखवून दिलें: पूर्वीच्या यंत्रांतील धोका अडविणारीं उपकरणें या यंत्रांतून काढून टाकलेलीं होतीं, आणि तक्रारी येऊं लागल्यावरहि प्रोग्रॅमवर फाजील विश्वास ठेवण्यांत आला होता. परंतु टायलर येथील दोषाचें मूळ पाहिलें तर तें असें होतें कीं, जो मजकूर अद्याप मसुदाच होता तो प्रोग्रॅमच्या एका भागानें पक्का दस्तऐवज समजून वाचला, आणि दुसऱ्या भागानें तोच मजकूर दुरुस्तीनंतर वाचला. दोघांच्या मतें आपण वाचलेलेंच खरें होतें.

असा प्रसंग येऊं नये म्हणून प्रोग्रॅमची रचना करणाऱ्यांनीं जे उपाय रूढ केले, त्यांपैकीं एकाला ‘बिल्डर’ असें म्हणतात. त्याचें महत्त्व कळण्यासाठीं त्याच्याआधींचे दोन मार्ग पाहणें इष्ट आहे. १९९५ मध्यें जगापुढें आलेल्या जावा या भाषेचें उदाहरण घेणें सोयीचें होईल. या भाषेंत अटींचा समूह एका ऑब्जेक्टमध्यें, म्हणजे वस्तूंत, ठेवतात. आणि ती वस्तु ज्या साच्यावरून घडते त्याला क्लास म्हणतात.

पहिला मार्ग असा कीं, वस्तु जन्माला घालतांनाच सर्व मूल्यें एका ओळींत, ठरलेल्या क्रमानें द्यावयाचीं. जन्म देणाऱ्या या क्रियेस कन्स्ट्रक्टर म्हणतात. मूल्यें दोन-तीन असलीं तोंपर्यंत हें ठीक चालतें. तीं दहा झालीं म्हणजे घोटाळा होतो. ३०, ३, ६० असे नुसते आंकडे ओळीनें लिहिलेले असले, तर त्यांतील वाट पाहण्याचे सेकंद कोणते आणि पुन्हा विचारण्याच्या वेळा कोणत्या हें वाचणाऱ्यास कळत नाहीं. दोन आंकड्यांची अदलाबदल झाली तर यंत्राला त्यांत कांहींच वावगें दिसत नाहीं, कारण दोन्ही आंकडेच. शिवाय कांहीं मूल्यें ऐच्छिक असतात. मग दोन मूल्यांचा एक कन्स्ट्रक्टर, तीन मूल्यांचा दुसरा, चारांचा तिसरा, अशी दुर्बिणीच्या एकांतून एक निघणाऱ्या नळ्यांसारखी लांबण लागते.

दुसरा मार्ग असा कीं, आधीं रिकामी वस्तु निर्माण करावयाची आणि मग एकेक मूल्य तींत नांवानिशीं भरावयाचें. मूल्य भरणाऱ्या अशा प्रत्येक क्रियेला सेटर म्हणतात. हें वाचावयास सुबोध आहे, कारण कोणता आंकडा कशाचा हें उघड दिसतें. परंतु यांत दोन उणीवा आहेत. पहिली ही कीं, वस्तु पुरी होण्यापूर्वींच ती अस्तित्वांत आलेली असते; भरण्याचें काम अर्ध्यावर असतां ती दुसऱ्या धाग्याच्या हातीं पडली, तर तिचें अपुरेपण तिच्या अंगावर लिहिलेलें नसतें. दुसरी ही कीं, भरण्याचें जें दार उघडलें तें कायमचें उघडें राहतें. सकाळीं ठरलेली अट दुपारीं कोणी, कोठून आणि कशासाठीं बदलली याचा शोध घेण्यांत कुशल प्रोग्रॅमरांचेहि दिवसच्या दिवस जातात.

बिल्डर हा तिसरा मार्ग होय. हें नांव एरिख गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन आणि जॉन व्लिसिडीस या चौघांच्या १९९४ मधील ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ग्रंथामुळें रूढ झालें. वारंवार येणाऱ्या अडचणींवरील तोडग्यांना नांवें देऊन त्यांचा संग्रह करावा, ही कल्पना त्यांनीं क्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुशास्त्रज्ञापासून घेतली, आणि आपल्या ग्रंथांत असे २३ तोडगे वर्णिले. बिल्डर हा त्यांतील एक. त्या ग्रंथांत त्याचा हेतु थोडा निराळा होता: एकाच रचनाक्रमानें निरनिराळ्या प्रकारच्या वस्तु घडवितां याव्या, असा. अनेक अटी असलेली एक पक्की वस्तु घडविण्यासाठीं त्याचा आज जो सुटसुटीत उपयोग होतो, त्याचा प्रसार जोशुआ ब्लॉक यांच्या ‘इफेक्टिव्ह जावा’ या पुस्तकाच्या २००८ मधील दुसऱ्या आवृत्तीनें विशेष केला.

त्याची रचना अशी. एका साच्याच्या जागीं दोन साचे करावयाचे. एक मसुद्याचा, तो बिल्डर. दुसरा दस्तऐवजाचा, तें प्रत्यक्ष कॉन्फिगरेशन. बिल्डरला प्रत्येक मूल्य नांव घेऊन सांगतां येतें: सर्व्हर अमुक, प्रत्येक प्रयत्नास ३० सेकंद, प्रयत्न ३, एकंदर मुदत ६० सेकंद. प्रत्येक सांगण्यानंतर बिल्डर स्वतःलाच परत देतो, त्यामुळें हें सारें एका सलग वाक्यासारखें लिहितां येतें. जें सांगितलें नाहीं त्यासाठीं आधीं ठरवून ठेवलेलें नेहमींचें मूल्य धरलें जातें. क्रमाचें बंधन नाहीं, आणि मत बदललें तर तेंच मूल्य पुन्हा सांगण्यास हरकत नाहीं. शेवटीं ‘बिल्ड’ ही आज्ञा द्यावयाची. ही आज्ञा म्हणजे सही आणि शिक्का. ती मिळाल्यावरच कॉन्फिगरेशन जन्माला येतें, आणि तें येतें तें पुरें होऊनच. त्याला सेटर नसतात. त्याच्या साच्यांतील प्रत्येक जागा ‘फायनल’, म्हणजे एकदांच भरतां येईल अशी, केलेली असते. आणि बिल्डरखेरीज अन्य कोणास तें निर्माण करतां येऊं नये म्हणून त्याचा कन्स्ट्रक्टर खासगी ठेवलेला असतो.

सहीच्या या क्षणाचा आणखी एक मोठा लाभ आहे. वरील उदाहरणांत प्रत्येक मूल्य एकेकटें पाहिलें तर निर्दोष आहे. परंतु ३० सेकंदांचे ३ प्रयत्न म्हणजे ९० सेकंद, आणि एकंदर मुदत आहे ६० सेकंदांची; म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाची पाळी येण्यापूर्वींच मुदत संपून जाईल. हा विरोध सर्व मूल्यें एकत्र आल्याशिवाय दिसत नाहीं. सेटरांच्या पद्धतींत तो पाहावयाचा तरी केव्हां? पहिलें मूल्य भरतांना दुसरें अद्याप आलेलें नसतें, आणि शेवटचें कोणतें हें कोणास ठाऊक नसतें. बिल्डरच्या पद्धतींत मात्र तपासणीची जागा एकच आणि निश्चित आहे. ‘बिल्ड’ म्हणतांच सर्व अटी एकमेकींशीं ताडून पाहतात, आणि त्यांचा मेळ बसत नसेल तर वस्तु जन्मालाच येत नाहीं. चूक उघड होते ती प्रोग्रॅम सुरू होतांनाच, माहितगार माणूस समोर असतांना; मध्यरात्रीं काम ऐन भरांत असतांना नव्हे.

जी वस्तु जन्मानंतर बदलतच नाहीं ती कितीहि धाग्यांनीं एकाच वेळीं वाचली तरी बिघडत नाहीं. तिच्याभोंवतीं कुलुपें लावावीं लागत नाहींत. २००४ मध्यें जावाची पांचवी आवृत्ति निघाली, तेव्हां भाषेच्या नियमांतच असें वचन घालण्यांत आलें कीं, पूर्ण होण्यापूर्वीं वस्तूचा पत्ता बाहेर गेलेला नसला तर तिच्या ‘फायनल’ जागांतील मूल्यें प्रत्येक धाग्याला पुरीं भरलेलींच दिसतील. याच आवृत्तींत ‘स्ट्रिंगबिल्डर’ हा साचाहि आला, आणि मसुदा व दस्तऐवज यांची ती एक नमुनेदार जोडी ठरली: मजकूर जुळवावयाचा तो स्ट्रिंगबिल्डरमध्यें, आणि पक्का झाल्यावर ठेवावयाचा तो कधींहि न बदलणाऱ्या ‘स्ट्रिंग’मध्यें. उलट, तारखेसाठीं आरंभीं जो साचा दिलेला होता त्यांतील तारीख मागाहून बदलतां येई, आणि त्याचा त्रास पुष्कळांनीं सोसला. २०१४ मधील आठव्या आवृत्तींत तारखा व वेळा यांसाठीं न बदलणाऱ्या वस्तूंचा नवा संच आला. २०१८ मध्यें अकराव्या आवृत्तीबरोबर दूरच्या सर्व्हरशीं बोलण्याचें जें नवें साधन आलें, तेंहि बिल्डरनेंच घडवावें लागतें, आणि घडल्यावर तें अचल असतें.

येथें एक शंका कोणाच्याहि मनांत येईल. अटी खरोखरच बदलावयाच्या असल्या तर काय करावें? चालूं प्रोग्रॅमला नव्या सर्व्हरचें नांव द्यावयाचेंच नाहीं काय? याचें उत्तर चूकदुरुस्तीपत्राच्या दाखल्यांत आहे. जुन्या कॉन्फिगरेशनवरून नवा बिल्डर भरून घ्यावयाचा, हवें तें मूल्य बदलावयाचें, पुन्हा ‘बिल्ड’ म्हणून सर्व तपासणी करवावयाची, आणि मग ‘चालूं कॉन्फिगरेशन कोणतें’ हें दाखविणारा एकच निर्देश जुन्यावरून नव्यावर फिरवावयाचा. ज्या कामास जुन्या अटींवर आरंभ झाला तें जुन्यांवरच तडीस जातें. पुढचें नव्यांवर सुरू होतें. मात्र प्रत्येक कामानें आरंभीं एकदांच कॉन्फिगरेशन हातीं घेऊन शेवटपर्यंत तेंच वापरावें, हें पथ्य पाळलें पाहिजे. वाटेंत दर वेळीं नवें मागितलें, तर जुन्या-नव्याची सरमिसळ दुसऱ्या दारानें आंत येते. जेथें जुन्या अटींवर काम पुढें चालणेंच घातक असेल, तेथें नव्या अटी येतांच तें काम थांबवून पहिल्यापासून सुरू करावें लागतें. किरणोपचाराचें यंत्र हें अशांपैकींच. तेथें तर प्रोग्रॅमवर न विसंबणारीं अडवणुकीचीं उपकरणेंहि असलींच पाहिजेत.

या पद्धतीला तिचे स्वतःचे कच्चे दुवे आहेत. वस्तु अचल झाली तरी तिच्या पोटांतील यादी अचल झालीच असें नाहीं. परवानगी दिलेल्या सर्व्हरांची यादी बिल्डरला दिली आणि तीच यादी देणाऱ्याच्या हातींहि राहिली, तर सहीनंतरहि तो तींत नांवें घालूं शकेल. दस्ताला जोडलेलें परिशिष्ट सुटें राहावें, तसा हा प्रकार होय. म्हणून ‘बिल्ड’च्या वेळीं यादीची न बदलणारी नक्कल करून घ्यावी लागते. दुसरें असें कीं, बिल्डर हा मसुदा असल्यामुळें तो एकाच हातीं राहिला पाहिजे. दोन धाग्यांनीं एकच बिल्डर भरावयास घेतला तर मूळ अडचण पुन्हा उभी राहते. तिसरी उणीव अशी कीं, एकादी आवश्यक अट सांगावयाची राहून गेली तर तें प्रोग्रॅम लिहितांना कळत नाहीं, चालवितांना कळतें. यावर उपाय म्हणून आवश्यक अटी बिल्डरच्या जन्माच्या वेळींच मागून घेतात आणि फक्त ऐच्छिक अटी मागाहून सांगूं देतात.

शिवाय प्रत्येक लहान गोष्टीसाठीं बिल्डर उभारणें हाहि अतिरेकच होय. एका साच्याच्या जागीं दोन साचे लिहावयाचे म्हणजे श्रम वाढले, वाचावयाचा मजकूर वाढला. दोन मूल्यांच्या वस्तूला साधा कन्स्ट्रक्टर पुरेसा आहे. पायथन व कॉटलिन यांसारख्या भाषांत मूल्यें नांवानिशीं देण्याची आणि न दिलेल्यांसाठीं नेहमींचें मूल्य धरण्याची सोय मुळांतच आहे; तेथें बिल्डरची गरज पुष्कळच कमी भासते. जावांतहि २०२१ मधील सोळाव्या आवृत्तीपासून ‘रेकॉर्ड’ नांवाचा जो संक्षिप्त साचा पक्का झाला, त्यांतील जागा आपोआप अचल असतात. साधनें अशीं बदलत राहतील. परंतु भरण्याचा काळ आणि वापरण्याचा काळ यांच्यामध्यें एक स्पष्ट रेघ असावी, आणि ती ओलांडतांना सर्व अटींची एकत्र तपासणी व्हावी, हें तत्त्व कोणत्याहि भाषेंत पाळतां येतें.

टायलर येथील त्या बाईनें आपली चूक वेळींच ओळखली आणि ती दुरुस्त केली. कोणाहि सावध माणसानें हेंच केलें असतें, आणि अशी दुरुस्ती करण्याची मोकळीक माणसाला असलीच पाहिजे. मसुदा असतो तो त्यासाठींच. तो पुरा झाल्याची सही होण्याआधींच यंत्र त्यावरून कामास लागलें, हा दोष तिचा नव्हता. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें सहीची जागा कोठेंच ठेवली नव्हती.